वाऱ्यावर सोडलेला पत्रा

गागोदे बुद्रुकला मी गेलो होतो तो विनोबांचे जन्मगाव पाहायला. निवृत्तीनंतर माणसाला राहून गेलेल्या गोष्टींची एक यादी सापडते आणि तो त्यातल्या एकेकीवर खूण करत सुटतो. बँकेत असताना कर्जवसुलीच्या निमित्ताने पेण तालुका पुष्कळ पायाखाली घातला, पण गागोद्याला जाणे काही झाले नव्हते. त्या दिवशी निघालो, तर महामार्गावर पुढे एक ट्रक. त्यावर पोलादी पत्र्याचे एकच एक भलेमोठे भेंडोळे, साखळदंडांनी जखडलेले. डोलवीचा पोलाद कारखाना याच तालुक्यातला, तेव्हा हे दृश्य इथे रोजचेच. तरी त्या ट्रकच्या मागे प्रत्येक वाहन अंतर राखून चालले होते. सुटलेच ते भेंडोळे तर काय होईल, हा विचार सगळ्यांच्याच मनात असणार.

गावात पोचलो. एका घराच्या पडवीत आजीबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी. पाळण्यावर चिमणाळे टांगलेले, म्हणजे बांबूच्या कडीला लोंबणाऱ्या रंगीत कापडी चिमण्या. वारा अजिबात नाही असे मला वाटत होते. चिमण्यांना मात्र तो लागत होता. एक इकडे वळे, तिच्यामुळे दुसरी तिकडे सरके, आणि बाळ त्यांच्याकडे असे टक लावून पाहत होते की जगात दुसरे काही चाललेलेच नाही.

सकाळचे ते पोलाद आणि दुपारच्या या चिमण्या. यांची सांगड घालणारा एक माणूस विसाव्या शतकात होऊन गेला. त्याने कारखान्यातला पत्रा आणि तार घेतली आणि त्यांना पाळण्यावरच्या चिमण्यांसारखे हलायला शिकवले. त्याचे नाव अलेक्झांडर कॉल्डर. घरचे आणि मित्र त्याला सँडी म्हणत. मोबाईल हा शब्द आज आपण खिशातल्या फोनसाठी वापरतो, पण त्याच्या कितीतरी आधी, १९३१ साली, तो कॉल्डरच्या हलत्या शिल्पांना मिळाला होता. मोठ्या इमारतींच्या दालनात छताला टांगलेली, हलकेच फिरणारी पत्र्याची पाने तुम्ही पाहिली असतील, तर ती त्याचीच किंवा त्याच्या वंशावळीतली.

कॉल्डरच्या जन्मापासूनच नोंदींचा घोळ आहे. जन्म अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ, १८९८ साली. जन्मदाखल्यावर २२ जुलै, तर आई म्हणे २२ ऑगस्ट. पुढे दाखला हाती आला तरी घरच्यांनी सरकारी कारकुनाचीच चूक ठरवली. ज्याने आयुष्यभर खात्यांवरच्या तारखा जुळवल्या, त्या माझ्यासारख्याला हे वाचून गंमत वाटते.

घराणे शिल्पकारांचे. आजोबा अलेक्झांडर मिल्न कॉल्डर स्कॉटलंडहून आलेले. फिलाडेल्फियाच्या नगरभवनाच्या शिखरावर शहराचे संस्थापक विल्यम पेन यांचा ३७ फुटी ब्राँझचा पुतळा उभा आहे, तो त्यांनी घडवलेला. वडील अलेक्झांडर स्टर्लिंग कॉल्डर हेही नामवंत शिल्पकार, आई नॅनेट चित्रकार. अशा घरात मुलाने कलाकार व्हावे असा आग्रह असेल असे आपल्याला वाटते, पण कलेच्या संसारातली ओढाताण आईवडिलांनी भोगलेली होती. मुलाने या वाटेला जाऊ नये असेच त्यांना वाटे. मात्र प्रत्येक नव्या घरी त्याला हत्यारांसाठी एक कोपरा ते आवर्जून देत. वडिलांना क्षय झाला म्हणून कुटुंब कोरड्या हवेच्या ॲरिझोनात गेले, मग कॅलिफोर्नियात. सँडी तारांचे तुकडे गोळा करून बहिणीच्या बाहुल्यांसाठी दागिने करी. १९०९ च्या नाताळात त्याने आईवडिलांना पितळी पत्रा वाकवून केलेला एक कुत्रा आणि एक बदक भेट दिले. बदकाला टिचकी मारली की ते डुले. तेव्हा तो ११ वर्षांचा होता. पुढच्या ६५ वर्षांत त्याने जे केले त्याचे बीज त्या बदकात होते, असे म्हणायला हरकत नाही.

गणित चांगले, म्हणून त्याने यंत्र-अभियांत्रिकीची वाट धरली. होबोकनच्या स्टीव्हन्स संस्थेतून १९१९ साली पदवी घेतली. मग नोकऱ्या. आराखडे काढले, यंत्रांची कामे केली, पण एका जागी जीव रमेना. १९२२ मध्ये तो एका प्रवासी जहाजाच्या बॉयलरखोलीत कामाला लागला. ग्वाटेमालाच्या किनाऱ्याजवळ एका पहाटे डेकवर दोरखंडाच्या वेटोळ्यावर तो झोपला होता. जाग आली तेव्हा समुद्र शांत होता. एका बाजूला लालभडक सूर्य उगवत होता आणि दुसऱ्या बाजूला चांदीच्या नाण्यासारखा चंद्र मावळत होता. दोन गोल, दोन वजने, मध्ये कसलाही आधार नाही, तरी सगळे तोललेले. ही पहाट तो जन्मभर विसरला नाही. पुढच्या वर्षी त्याने अभियंत्याची वाट सोडली आणि न्यूयॉर्कमध्ये चित्रकला शिकायला नाव घातले. वय २५.

इथे मी नेहमी थबकतो. माझी पहिली कादंबरी मी सहामाही हिशेबाच्या रात्री, घरी परतल्यावर लिहिली. नोकरी सोडायचा विचार मनात आला नाही असे नाही. पण घरात म्हातारे आईवडील, दोन मुले आणि महिन्याच्या महिन्याला खात्यात पडणारा पगार. मी तोल सांभाळला, असे मला वाटत आले. कॉल्डरचे चरित्र वाचताना मात्र शंका येते, की मी तोल सांभाळला की नुसताच जागच्या जागी उभा राहिलो?

न्यूयॉर्कमध्ये पोटासाठी तो एका नियतकालिकाला रेखाचित्रे देत होता. त्यांनी १९२५ साली त्याला सर्कशीची चित्रे काढायला पाठवले. झुल्यावरून उडणारी माणसे, दोरावरचा तोल, खाली ताणलेली जाळी. दोन आठवडे तो तिथेच घुटमळत होता. पुढच्या वर्षी पॅरिसला गेला आणि तार, बुचे, चिंध्या, लाकडाचे तुकडे यांतून त्याने स्वतःचीच एक छोटी सर्कस तयार केली. बोटभर उंचीचे कसरतपटू, तारेचे सिंह, कापडी घोडे. जमिनीवर बसून हा धिप्पाड माणूस स्वतः त्यांना नाचवी आणि पॅरिसमधले नामवंत कलावंत समोर बसून पोरांसारखे पाहत. हळूहळू ती सर्कस पाच सुटकेसींत मावेनाशी होत आली.

१९३० च्या ऑक्टोबरात तो पीट मोंद्रिआन या डच चित्रकाराच्या खोलीवर गेला. पांढरीशुभ्र खोली, भिंतीवर लाल, निळे, पिवळे पुठ्ठ्याचे चौकोन लावलेले. कॉल्डरला वाटले, हे चौकोन हलले तर काय बहार येईल. त्याने तसे सुचवूनही पाहिले. मोंद्रिआनला ते मुळीच पटले नाही. आपली चित्रे आहेत तशीच पुरेशी वेगवान आहेत, असे त्याचे मत. पण कॉल्डरच्या डोक्यात चक्र सुरू झाले ते झालेच.

१९३१ च्या जानेवारीत त्याने लुईझा जेम्सशी लग्न केले. दोघांची गाठ बोटीवर पडली होती, आणि कादंबरीकार हेन्री जेम्स तिचे चुलत आजोबा. त्याच वर्षी त्याची पहिली हलती शिल्पे तयार झाली. काही हाताने फिरवायची, काही विजेच्या मोटारीवर चालणारी. मार्सेल द्यूशाँ या कलावंताने त्यांना मोबाईल हे नाव दिले. तेव्हा जाँ आर्प या मित्राने थट्टेने विचारले की मग न हलणाऱ्या शिल्पांना काय स्टॅबाईल म्हणायचे? तेही नाव कायमचे चिकटले.

मोटारीवर चालणाऱ्या शिल्पांचा कॉल्डरला लवकरच कंटाळा आला. यंत्र बिघडते हे एक, आणि बिघडले नाही तर तेच ते करत राहते हे त्याहून वाईट. त्याने मोटार काढून टाकली आणि शिल्प छताला टांगून दिले. आता त्याला हलवणार कोण? दार उघडले की आत येणारी झुळूक, खालून जाणाऱ्या माणसाच्या अंगाची ऊब, बाहेरचा वारा.

ही किमया साधी आहे, तिची रीत आपल्या ओळखीची आहे. किराणा दुकानातली तागडी आठवा. दांडी मधोमध धरली तर दोन्ही पारड्यांत सारखे वजन लागते. पण दांडी धरायची जागा सरकवली तर हलके वजनही जडाला तोलून धरते. टेकूपासून ६ इंचांवर टांगलेले १०० ग्रॅमचे पान, दुसऱ्या बाजूला २ इंचांवरच्या ३०० ग्रॅमच्या पानाला पेलते. कॉल्डर सुरुवात करी ती टोकाच्या सगळ्यात लहान पानापासून. त्याला एक जोडीदार, दोघांमध्ये तार, तारेचा तोल जिथे साधेल तिथे एक कडी. ती कडी दुसऱ्या तारेच्या टोकाला, तिच्या दुसऱ्या टोकाला नवे पान. असे करत करत वर चढायचे. शेवटी सगळा पसारा एका बिंदूवर टांगला जातो. वरची एक कडी सैल तर प्रत्येक फांदी आपापली फिरायला मोकळी. अभियंता असूनही तो आकडेमोडीपेक्षा हाताच्या अंदाजावर विसंबे. खिशात पक्कड असेच. पत्रा ॲल्युमिनियमचा किंवा लोखंडी, तार पोलादी, जोड रिबिटांचे. रंग ठरलेले, लाल, काळा, पांढरा, कधी निळा-पिवळा. झाकायचे, मढवायचे काहीच नाही.

१९३३ मध्ये तो अमेरिकेला परतला आणि कनेक्टिकट राज्यातल्या रॉक्सबरी गावी एक जुने शेतघर घेऊन राहिला. दोन मुली झाल्या. घरातली भांडी, चमचे, दिवे, लुईझाचे दागिने, सगळे तो हातानेच करी. पण खेळण्यांत रमलेला भोळा माणूस एवढेच त्याचे चित्र रंगवणे बरोबर नाही. १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनात, स्पेनमध्ये यादवी पेटलेली असताना, स्पॅनिश प्रजासत्ताकाच्या दालनात पिकासोचे 'गेर्निका' होते आणि त्याच्याच समोर कॉल्डरचे पाऱ्याचे कारंजे. डांबराने लेपलेल्या लोखंडी पत्र्यांवरून खरा पारा ओघळे आणि त्याच्या धक्क्याने वरची दांडी डुले. हा पारा अल्मादेनच्या खाणींतला, आणि त्या खाणींवर फ्रँकोच्या फौजांचा डोळा होता. ते कारंजे आज बार्सिलोनात आहे. पाऱ्याची वाफ विषारी म्हणून काचेआड ठेवलेले.

१९५२ मध्ये व्हेनिसच्या प्रदर्शनात शिल्पकलेचा मोठा पुरस्कार मिळाला आणि जगभरातून बोलावणी येऊ लागली. त्यातले एक आपल्याकडचे. अहमदाबादच्या गिरा साराभाईंनी त्याला लिहिले, आमच्याकडे या, हवा तसा प्रवास करा, बदल्यात इथेच काही शिल्पे करून द्या. गिराबेन म्हणजे गिरणीमालक अंबालाल साराभाईंची कन्या. गांधीजींचा कोचरबचा आश्रम १९१५ साली अडचणीत आला तेव्हा तो ज्यांच्या मदतीने तरला असे सांगतात, तेच हे अंबालाल. १९५५ च्या जानेवारीत कॉल्डर आणि लुईझा आले. अहमदाबाद तेव्हा मुंबई राज्यातच होते. साराभाईंच्या बागेत, उघड्या आभाळाखाली त्याने पत्रे कापायला सुरुवात केली. त्यातल्या एका शिल्पाला त्याने पेरूचे नाव दिले, एकाला चाफ्याचे. आपल्या परसातली दोन झाडे अशी जगाच्या कलादालनांत जाऊन पोचली. गिरा आणि त्यांचे बंधू गौतम यांनी पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाईन संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला, हे वेगळे सांगायला नकोच.

त्यानंतर तीनच वर्षांनी घडलेला प्रसंग मला कॉल्डरच्या आयुष्यातला सगळ्यात बोलका वाटतो. पिट्सबर्ग हे अमेरिकेतले पोलादाचे शहर. तिथल्या १९५८ च्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्याच्या एका मोठ्या, काळ्यापांढऱ्या मोबाईलला पहिले बक्षीस मिळाले. ते विकत घेऊन स्थानिक प्रशासनाला विमानतळासाठी भेट देण्यात आले. प्रशासनाने काय करावे? शिल्प आपल्या अधिकृत रंगांत, हिरव्या आणि सोनेरी रंगांत रंगवून घेतले. सांधे पक्के केले आणि फिरवायला वर मोटार बसवली. कॉल्डरने निषेध केला, परोपरीने कळवले. उपयोग झाला नाही. त्याच्या हयातीत ते तसेच राहिले. मूळ रंग आणि मूळ मोकळेपणा त्याला परत मिळाला तो कॉल्डर गेल्यावर.

यात कोणी दुष्ट नव्हते, हे मला पक्के ठाऊक आहे, कारण मी त्याच जातीचा माणूस आहे. कचेरीत एखादी वस्तू आली की तिला क्रमांक पडतो, ती डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढते, भिंतीशी जुळेल असा रंग तिला लागतो. ती आपल्या मनाने हलणार असेल तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. मग कोणीतरी भल्या हेतूने ती घट्ट आवळून टाकतो. वस्तू सुरक्षित राहते. ती ज्यासाठी होती तेवढे फक्त निघून जाते. किती घरांत, किती संस्थांत, मुलांच्या बाबतीत सुद्धा, आपण हेच करत असतो!

उतारवयात कॉल्डरने अजस्र स्टॅबाईल घडवली. लहान नमुना तो स्वतः करी आणि फ्रान्समध्ये तूर गावाच्या लोहशाळेतले कारागीर त्याची मोठी पोलादी आवृत्ती बोल्टांनी जोडून उभी करत. १९६९ मध्ये मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहरात 'ला ग्रांद व्हितेस' हे ४३ फूट उंचीचे लालभडक शिल्प उभे राहिले. आधी लोकांनी नाके मुरडली. मग त्याचे चित्र शहराच्या कागदपत्रांवर आले आणि कचऱ्याच्या गाड्यांवरही. शिल्पकाराला याहून मोठा मान कोणता? शिकागोचे 'फ्लमिंगो' हे ५३ फुटी शिल्प १९७४ चे. ही शिल्पे हलत नाहीत, पण त्यांच्या कमानींखालून माणसे चालतात, आणि चालणाऱ्याला प्रत्येक पावलाला शिल्प वळल्यासारखे वाटते.

व्हिएतनाम युद्धाला त्याने आणि लुईझाने उघड विरोध केला होता. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी देऊ केलेले स्वातंत्र्यपदक त्याने नाकारले. त्याच्या मृत्यूनंतर ते पुन्हा जाहीर झाले, तेव्हा समारंभाला कुटुंबीय गेले नाहीत. युद्धावर जायला नकार देणाऱ्या तरुणांना माफी द्या, ही त्यांची मागणी होती. ११ नोव्हेंबर १९७६ रोजी, न्यूयॉर्कमध्ये त्याच्या जन्मभराच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरलेले असतानाच, कॉल्डर गेला. वय ७८.

एक काम मागे राहिले होते. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनाच्या नव्या इमारतीसाठी त्याने एका मोबाईलचा नमुना दिला होता. प्रत्यक्ष रुंदी ७६ फूट. पोलादात केले तर ते इतके जड होई की हवेने जागचे हललेच नसते. पॉल मातीस नावाच्या तंत्रज्ञ-कलावंताने ते मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ ॲल्युमिनियमच्या फळ्यांतून केले. वजन आले हजार पौंडांच्या आत. १९७७ मध्ये ते टांगले गेले. मोटार नाही, काही नाही. ते हवेवर फिरते.

आणि फिलाडेल्फियात कधी गेलात तर एका सरळ रस्त्यावर तीन पिढ्या पाहता येतात. एका टोकाला शिखरावरचा आजोबांचा पुतळा, मध्ये वडिलांचे कारंजे, दुसऱ्या टोकाला कलादालनात नातवाचे 'घोस्ट' हे पांढरे मोबाईल. आजोबांचे काम टनावारी वजनाचे, वडिलांचे पाण्याचा आधार घेतलेले, नातवाचे हवेवर तोललेले. एकाच घराण्यात वजन कसे उतरत गेले ते पाहण्यासारखे आहे.

गागोद्याहून निघताना मला विनोबा आठवत होते, ते कॉल्डरपेक्षा तीनच वर्षांनी मोठे. गणिताचे वेड त्यांनाही होते. १९१६ साली त्यांनी बडोद्याच्या घरी आईसमोर आपली प्रशस्तिपत्रे चुलीत घातली. मग इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेले असताना वाटेत सुरतेला उतरून काशीची गाडी धरली आणि त्याच वर्षी कोचरबला गांधीजींकडे पोचले. कॉल्डर बागेत पत्रे कापत होता त्या १९५५ साली ते भूदानासाठी पूर्व भारतात पायी हिंडत होते. एक ऋषी, दुसरा खेळगडी, तुलना करायचे कारण नाही. पण हातचे घट्ट धरलेले सोडून दिल्यावर आपण पडत नाही, उलट खरा तोल तिथून पुढे सापडतो, एवढे दोघांनाही विशी-पंचविशीत कळले होते. आमच्या ताळेबंदाचा तोल ३१ मार्चला एका दिवसापुरता थांबवून दाखवलेला असतो. यांचा चालता होता.

परत येताना तोच तो महामार्ग आणि पुन्हा एक ट्रक, साखळदंडात जखडलेल्या पत्र्याचा. पडवीतल्या त्या चिमण्या अजून हलत असतील, असे मनात आले. एखाद्याला वाऱ्यावर सोडले असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ टाकून दिले असा असतो. कॉल्डरनेही आपला पत्रा वाऱ्यावर सोडला. पण सोडण्याआधी प्रत्येक कडी नीट जोडली, प्रत्येक पानाचा तोल बोटांनी जोखला, आणि मगच हात काढून घेतला. मुलांना आणि आपल्या कामाला असे वाऱ्यावर सोडता येणे, हे मला साठीनंतर, तेही एका पाळण्यापाशी उभे राहून उमगावे, याचे वाईट वाटत नाही. उमगले, हेच पुष्कळ झाले.